फाटकाशी उभी गाडी

आयोवा, १९ नोव्हेंबर १९७९

प्रिय आर्डिथताई,

तुझं पत्र पोचलं. गुडघा आता कसा आहे? इथे मका निघाला, चर्चचं जेवण पार पडलं. यंदाही सफरचंदाची पाई करपवली ती एल्डानेच, आणि कौतुकही तिचंच झालं.

ठरल्याप्रमाणे मी तुझ्याकडे आले नाही म्हणून तू रागावली असशील. फोनवर एवढंच म्हणाले की हार्लनच्या डोळ्यांना लागलंय. ताई, उजवा डोळा गेला. डाव्याला धूसर दिसतं.

जमीन गार झाली की मक्याच्या रानात खत म्हणून अमोनिया सोडायचा, हे तर तुझ्याही अंगवळणी पडलेलं. हार्लनला रिकामी टाकी सोडून भरलेली जोडायची होती. नळी काढण्याआधी तिच्यात उरलेला दाब सोडायचा असतो. तेवढंच राहिलं. चष्मा टोपीवर चढवलेला, वारा तोंडावर. हा वायू ओल शोधत येतो आणि सगळ्यात आधी डोळे धरतो.

मी ओरडणं ऐकलं आणि धावले. अशा वेळेसाठी टाकीवर ठेवलेलं पाणी मी सकाळीच बदललं होतं. त्याची मान धरून ते डोळ्यांवर ओतत राहिले. तो हात झटकत होता, शिव्या देत होता, तरी पाव तास सोडलं नाही. वायूच्या थंडीने शर्ट अंगाला चिकटून गोठला होता. तो ओढला नाही, त्यावरही पाणीच घातलं. डॉक्टर म्हणाले, एक डोळा वाचला तो त्या पाण्यामुळे.

शेजाऱ्यांनी आपापले ट्रॅक्टर आणून आमचं रान उरकलं. बायका झाकलेली भांडी घेऊन येतात आणि प्रत्येकीचं एकच, "देवानेच तुला नवऱ्यासाठी घरी ठेवलं गं, मार्लिस!" मी मान हलवते.

मी घरी नव्हते, ताई. फाटकाशी होते. मागच्या सीटवर बॅग, इंजिन चालू. पाणी बदललं ते शेवटचं म्हणून.

आता खत पुरवणाऱ्या सोसायटीचा मॅनेजर मागे लागलाय, हिवाळ्यातल्या सभेत मी सगळ्यांना सांगावं, अशा वेळी काय करायचं ते. काल चहाला आला तेव्हा डोकं खाजवत म्हणाला, "दुसरा कुणी असता तर समजलो असतो. पण हार्लन? हा तर आम्हाला दाबावरून झापायचा! त्याच्याकडून राहिलं कसं?"

आज न्याहारीनंतर हार्लनच्या डोळ्यात थेंब घालत होते, तेव्हा म्हणाला,

"फाटकाशी गाडी दिसली. मागे तुझी निळी बॅग."

मी थेंबांची बाटली खाली ठेवली.

"म्हटलं, पटकन नळी काढावी आणि तुला गाठावं."

"मग?"

"मग काय. घाई केली." गाल पुसत म्हणाला, "सभेत हे सांगू नकोस. लोक तुला बोल लावतील."

शिव्या दिल्या असत्या, तर आजच निघाले असते. त्याने तेवढीही वाट ठेवली नाही. मी दुसऱ्या डोळ्यात थेंब घातले.

माझ्यासाठी ठेवलेली खोली भाड्याने देऊन टाक. किल्ली मागू नकोस, एवढी माझ्याकडे असू दे.

जिथली होती तिथेच असलेली,
तुझी मार्लिस