मी हात केला नव्हता

मी, श्रीमती जयंती नरेंद्र खांबेटे, वय पंचाहत्तर, राहणार सुमिरेगाओका वसाहत, नागोयाच्या पूर्वेकडची टेकडी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणून पाहिला, पण तो लागू पडला नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे की नाही याबद्दल वारसांना शंका घ्यावीशी वाटेल, कारण ती त्यांच्या सोयीची आहे. म्हणून वाहनपरवान्याच्या वेळी येथे म्हाताऱ्यांची जी स्मरणचाचणी घेतात तिचा निकाल सोबत जोडला आहे. आधी चित्रे दाखवतात, मधे भलतेच काम देतात आणि मग चित्रे आठवायला सांगतात. मला सगळी आठवली. त्याच महिन्यात माझ्या मुलाला डोळ्यांदेखत घडलेली एक गोष्ट आठवत नव्हती, पण त्याची चाचणी घ्यायचे कोणाच्या डोक्यात आले नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर काळजीचे कारण नाही म्हणतात, आणि ते म्हणताना माझ्याकडे न बघता संगणकाकडे बघतात. आमच्या वसाहतीच्या कार्टचा निकाल लावणारी सभा त्यानंतर आहे. मी सभेला हजर असेन की नाही याची खात्री नसल्याने माझे म्हणणे येथेच लिहून ठेवते आणि मालमत्तेचेही उरकून घेते.

नरेंद्र हयात असताना केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात 'सर्व काही एकुलत्या एक चिरंजीवास' असे एकच वाक्य होते. ते नरेंद्रांनी सांगितले आणि मी लिहिले.

कलम १. माझे राहते घर, अंगण आणि मोटार ठेवायचे छप्पर मी वसाहतीच्या चोनाईकाईला, म्हणजे रहिवासी मंडळाला देते. अट एवढीच की कार्ट त्या छपराखाली राहावी आणि रोज रात्री तेथे चार्ज व्हावी. जे हे वाचतील आणि नाक मुरडतील त्यांच्यासाठी सांगते. गोल्फच्या मैदानावर फिरते तीच ही विजेची उघडी गाडी, पण हिला नंबरप्लेट आहे, आरसे, इंडिकेटर आणि पट्टे आहेत, आणि ताशी वीस किलोमीटरच्या आत राहून सार्वजनिक रस्त्यावरून जायचा हक्क आहे. चढावरची बस बंद झाल्यापासून आमच्यातले निम्मे लोक हिच्यामुळे दवाखान्यात, बाजारात आणि स्टेशनवर पोचत. मे महिन्यापासून ती बंद आहे. तेव्हापासून ताकेदा-सान डायलिसिसला टॅक्सीने जातात, आणि वरच्या गल्लीतल्या दोघी बहिणी घराबाहेर पडतच नाहीत.

माझे पती नरेंद्र यांनी उभे आयुष्य मोटारींच्या ब्रेकवर काम केले. कार्टला ते खेळणे म्हणत. मी चालक म्हणून नाव घातले तेव्हा ते आठवडाभर हसले. पुढे त्यांचे गुडघे गेले. मग याच खेळण्याच्या पुढच्या सीटवर बसून ते मला वळणे कशी घ्यावीत ते शिकवू लागले. मी त्यांना एकदा उतरवून ठेवले होते.

कलम २. नरेंद्रांचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क रेंच आणि त्या सगळ्यांची लोखंडी पेटी फुजिनो-सानना द्यावी. ते कार्टची देखभाल करतात आणि हत्यार वापरल्यावर पुसून ठेवतात. नरेंद्र पुसत नसत, मी पुसायची.

कलम ३. या कलमात मालमत्ता नाही. कार्ट का बंद पडली ते यात आहे.

माझा मुलगा सत्यजित बारा वर्षांपूर्वी पुण्याहून येथे आला. सॉफ्टवेअरमध्ये आहे, राजधानीतल्या एदोगावात राहतो. गाडी चालवायला तो पुण्यात शिकला आणि ते शिक्षण त्याने जिवापाड जपले आहे. मे महिन्यातल्या एका रविवारी तो आणि सून वैभवी गाडी घेऊन माझ्याकडे यायला निघाले होते. मी रिकामी कार्ट घेऊन टेकडी चढत होते. आरशात त्याची गाडी दिसली, म्हणून नियमाप्रमाणे मी डावीकडे कडेला सरकत चालले. आमच्यामागे कोणी खोळंबले तर आम्ही कार्ट रुंद जागी बाजूला घेतो आणि त्याला जाऊ देतो. तशी जागा शाळेच्या पुढे आहे. शाळेच्या अलीकडे झेब्रा पट्टे आहेत, सिग्नल नाही.

पट्ट्यांपाशी डाव्या हाताला ओकुमुरा-सान उभ्या होत्या. माझ्याहून मोठ्या, माझ्या समोरच्या घरात राहतात. मी थांबले. त्यांनी मान लववली आणि माझ्यासमोरून ओलांडायला लागल्या. त्या कार्टच्या उजव्या कोपऱ्याच्या बाहेर आल्या आणि मागून सत्यजितची गाडी मला वळसा घालून पुढे आली.

त्याने ब्रेक लावला, हे मी त्याच्या बाजूने नोंदवते. ओकुमुरा-सानचा उजवा खांदा मोडला, डोके वाचले. येथे पट्ट्यांपाशी कोणी थांबले असेल तर मागच्यानेही थांबायचे असते. थांबलेल्याच्या पुढे माणूस आहे असे धरून चालायचे, एवढी साधी गोष्ट. त्यातून कार्टला भिंती नाहीत. मे महिन्यात प्लॅस्टिकचे पडदेही गुंडाळलेले असतात. पलीकडची म्हातारी आरपार दिसत होती. पण पुण्यात शिकलेल्या माणसाला थांबलेले वाहन ही फक्त अडचण दिसते, आणि अडचणीला उजवीकडून वळसा घालायचा असतो.

पोलिसांनी दोष त्याच्यावर धरला. तेव्हा त्याने सांगितले की कार्टवाल्या बाईने मला हाताने पुढे जायची खूण केली. कार्टवर कॅमेरा आहे, पण तो पुढचा रस्ता बघतो, माझा हात बघत नाही. स्वतःच्या गाडीतला कॅमेरा त्या दिवशी चालू नव्हता, असे त्याचे म्हणणे आहे. मी हात केला असे ठरले तर दोष वाटला जाईल, त्याचा दंड हलका होईल आणि कायम निवासाचा अर्ज वाचेल. मग कार्ट मात्र गेली. सार्वजनिक रस्त्यावर भलत्या खुणा करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हाती गाडी देणाऱ्या मंडळाला कोण परवानगी देणार, आणि का द्यावी?

मी हात केला नव्हता. चालकांच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात की कोणालाही हाताने 'जा' म्हणू नका, कारण त्याला पुढे काय भेटणार ते तुम्हाला ठाऊक नसते. मी तो नियम एकदाही मोडलेला नाही.

ओकुमुरा-सान रस्त्यावर पडल्या पडल्या माझी आणि सत्यजितची माफी मागत होत्या, तुम्हाला त्रास दिला म्हणून. याचा माझ्या मुलाने काढलेला अर्थ असा की चूक त्यांची होती आणि ती त्यांनी कबूल केली. बारा वर्षे या देशाचे पाणी पिऊन ज्याच्या डोक्यात एवढा उजेड पडतो, त्याच्या कंपनीचे कसे चालते हा मला प्रश्न आहे. पोलिसांना ओकुमुरा-सान म्हणाल्या की मला नीट आठवत नाही. आई आणि मुलाच्या मधे त्यांना पडायचे नव्हते. त्यांच्या या सभ्यतेचा मला फार राग आला, आणि तो मी अजून गिळलेला नाही.

कलम ४. नरेंद्रांचा गोल्फचा संच, पिशवी, टोपी आणि हातमोजा श्री. अंबरीष टिल्लू यांना द्यावा. हे नरेंद्रांचे जुने सहकारी, नागोयातल्या प्रत्येक गणेशोत्सवात ज्यांना माइक सोडवत नाही ते. सत्यजित मला समजवायला आला तेव्हा यांना सोबत घेऊन आला होता. टिल्लू सोफ्यावर पाय पसरून बसले, दोनदा चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, कार्ट गोल्फच्या मैदानावरच शोभते. एका खेळण्यासाठी आपल्या माणसाचं करिअर कशाला घालवता?" मैदानावर हेच गृहस्थ कार्टमधून उतरत नाहीत, दहा पावलांवरच्या चेंडूपर्यंतही कार्टने जातात आणि इतरांनी बाजूला व्हावे अशी अपेक्षा ठेवतात. तेव्हा हा संच योग्य हातात जात आहे. आपला माणूस कोण, हे मला त्यांच्याकडून शिकायचे नाही.

टिल्लू गाडीत जाऊन बसल्यावर सत्यजित दारात थांबला. जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहिते.

"आई, एकदाच म्हण की तू हात केलास. बाकीचं मी बघतो."

मी म्हटले, "मी हात केला नव्हता."

"तू थांबलीस ना? मला वाटलं माझ्यासाठी थांबलीस. तू नेहमीच वाट देतेस."

तो बूट घालून निघून गेला. तेव्हापासून त्याचा फोन नाही, मीही केलेला नाही. तो खोटे बोलत होता, पण हे एक वाक्य त्याने खरे सांगितले आणि त्याने मला सगळ्यात जास्त लागले. माझ्या पोराला असे वाटत आले आहे की आई रस्त्यात थांबली, म्हणजे ती त्याच्याचसाठी. समोर दुसरे कोणी असेल, हे त्याच्या मनातसुद्धा आले नाही.

कलम ५. पुण्याचा, औंधचा फ्लॅट सत्यजितला. मी रागीट आहे, पण त्याच्या हक्काचे काढून घेणारी नाही. येथला अर्ज फेटाळला गेला तर त्याला डोक्यावर छप्पर हवे. तेथल्या रस्त्यांवर त्याचे गाडी चालवणे कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही, उलट चारचौघांत उठून दिसेल. फ्लॅटचे कुलूप जुने आहे, किल्ली आत ढकलून डावीकडे फिरवायची. घाई केली तर ते उघडत नाही.

कलम ६. माझ्या सोन्याच्या पाटल्या आणि बांगड्या सून वैभवीला. अपघातानंतर ती माझ्याकडे राहिली. त्या रात्री ओट्यापाशी, नळ सोडून, हळूच म्हणाली की मी सत्यजितला 'थांब' म्हटलं होतं, आई. मी म्हटले, हे पोलिसांना सांग. तिने नळ बंद केला आणि डबे लावायला घेतले. तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर आहे हे मला कळते. मी स्वतः तशीच आले होते. तरीही मला तिची कीव येते, आणि कीव म्हणजे माया नव्हे हे तिने समजून असावे. बांगड्या मापाने तिला बरोबर बसतील. त्यांचा तरी आवाज होईल.

कलम ७. बँकेतली शिल्लक कार्टची नवी बॅटरी, विमा आणि चालकांच्या प्रशिक्षणासाठी वापरावी. कार्ट पुन्हा सुरू झाली तर चालकांना माझे सांगणे: डावीकडे राहा. मागच्याला वाट द्या, पण रुंद जागा आल्यावर, तो भोंगा वाजवतो म्हणून नाही. पट्ट्यांपाशी कोणी उभे असेल तर थांबा, मागे कितीही मोठी गाडी असली तरी. सभेत कोणी म्हणेल की एवढी हळू गाडी रस्त्यावर आणणेच धोक्याचे आहे. त्याला विचारा की त्या दिवशी त्या रस्त्यावर कोण घाईत होते. आणि कार्ट सुरू झाली नाही, तर हे पैसे ताकेदा-सानच्या टॅक्सीला द्या आणि नगरपालिकेला माझा नमस्कार कळवा.

कलम ८. माझे दिवस येथेच करावेत. टिल्लूंनी भाषण करू नये.

कलम ९. ओकुमुरा-सानना माझी शिसवी पेटी आणि तिच्यातल्या पैठण्या द्यायच्या होत्या. पैठणीचा रंग त्यांना आवडतो, दर दिवाळीला हात लावून बघतात. साक्षीदाराच्या पदरात मृत्युपत्रातले काही पडू नये हे बरे, असे वकिलांनी सांगितले होते. मी त्यांना ते सांगितले आणि विचारले की दुसरा साक्षीदार शोधू का. त्यांनी पेटीचे झाकण लावले. मग म्हणाल्या, साड्या नकोत, साक्षीदार होऊ द्या. वर, येथे सहीऐवजी मारतात त्या स्वतःच्या शिक्क्याशेजारी दोन ओळी लिहायची परवानगी मागितली. काय लिहिणार ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. माझी सही आधी करून मी वही त्यांच्याकडे देत आहे. पैठण्या खाली सही करणाऱ्या रविकांतच्या बायकोने घ्याव्यात, असे मी म्हणणार होते, पण तोही साक्षीदार आहे. तेव्हा त्याही वैभवीलाच.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि एकही शब्द मागे घेत नाही. सत्यजित, तुझा अर्ज अडकला याचे मला वाईट वाटते. खरोखर वाटते. पण पुन्हा दारात उभा राहून विचारलेस तरी हेच सांगेन.

स्थळ: सुमिरेगाओका, नागोयाजवळ
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: जयंती नरेंद्र खांबेटे

साक्षीदार पहिला: रविकांत दामले, अभियंता, नागोया. श्रीमती खांबेटे यांनी माझ्यासमोर सही केली. खालच्या साक्षीदारांच्या जपानी ओळींचे मराठी मी केले आहे, आपल्या पदरचे काही घातलेले नाही.

साक्षीदार दुसरी: ओकुमुरा फुमी, सुमिरेगाओका. उजवा हात अजून वर होत नाही, म्हणून शिक्का डाव्या हाताने मारला आहे आणि तिरका पडला आहे, क्षमा असावी. मी जे लिहिते आहे ते सभेतही सांगेन. त्या दिवशी ओलांडण्याआधी मी खांबेटे-सानना मान लववली, तेव्हा त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.