तांब्याचा नववा इलेक्ट्रॉन

नौपाडा, ठाणे
३ जून २०२५

चि. संचितास,
मालनआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुझ्या सांगण्यावरून मितेशच्या क्लासला मागच्या बाकावर बसून आले. नवरामुलगा देखणा आहे. त्यापुढे कौतुकाचं काही सापडलं नाही.

इलेक्ट्रॉन संरूपण शिकवत होता, कुठल्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन बसतात ते. भिंतीवर आवर्तसारणी टांगलेली, पण हा तिच्याकडे पाठ करून ती उपकवचं भरण्याच्या क्रमाची बाणांची आकृती घोकून घेत होता. अगं, सारणीवर नुसतं बोट फिरवलं तरी कळतं. चौथ्या ओळीत पहिली दोन घरं 4s ची, पुढची दहा 3d ची. तांब्यापर्यंत मोजलं की 3d मध्ये नऊ येतात. श्रिया नावाच्या मुलीने हेच मोजलं आणि विचारलं, मग पुस्तकात 3d मध्ये दहा आणि 4s मध्ये एकच का? साहेबांनी तिची नक्कल करून वर्ग हसवला. पोरगी रडवेली होऊन खाली बसली. स्वतःला येत नसेल तर माणसाने गप्प तरी बसावं. असल्या ढ माणसाशी बावीस तारखेला साखरपुडा करणार असशील तर मला बोलावू नकोस.

आशीर्वाद आहेतच, सोबत थोडी अक्कलही येवो.
तुझी आत्या

कल्याण
७ जून

ती. आत्यास,
शि. सा. न.

एका इलेक्ट्रॉनपायी स्थळ मोडायचं? बाबांनी पाहिलेलं एकही स्थळ तुला कधी पसंत पडलं नाही. एम.एस्सी. नसलेला माणूस तुझ्या लेखी माणूसच नाही. मितेश इंजिनिअर आहे, त्याचं एवढं राहून गेलं असेल. 3d पूर्ण भरलं की जास्त स्थिर होतं, म्हणून 4s मधला एक तिकडे जातो, हे तूच मला शिकवलंस. मी त्याला सांगेन. तू मात्र यायचंस, आणि तोंड वाकडं न करता.

कडू असला तरी तुझा लोभ मला हवाच आहे.
संचिता

कल्याण
१४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न.

तू चुकलीस. मितेश ढ नाही.

काल काळा तलावावर फिरताना मी तांब्याचा विषय काढला. त्याने मला मध्येच थांबवलं आणि कारण स्वतःच सांगितलं, माझ्यापेक्षा नीट. क्रोमियमचंही तसंच असतं म्हणाला. मला इतकं बरं वाटलं! मग श्रियाला का नाही सांगितलंस, असं विचारलं. तर म्हणे, एकीला उत्तर दिलं की दुसरा हात वर होतो, मग तिसरा. एकीची टर उडवली की वर्ग वर्षभर गप्प राहतो. मीही हसेन असं धरूनच तो हे सांगत होता.

साखरपुडा होणार नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ज्याला येत नाही त्याला मी शिकवलं असतं, आत्या. याच्या वर्गात मला जन्मभर बसायचं नाही.

रागाव, पण माया कमी करू नकोस.
संचिता