आत्याचा घसा आणि आमचा काटा

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरता. आमच्या कॉकपिटमध्ये मान वळवायची पंचाईत, तिथे आठ अंगं कुठे टेकवणार? राहिलेली अंगं घरी आल्यावर टेकवीन.) तुझा घसा कसा आहे? गुळण्या वेळेवर चालू आहेत ना? डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, तेव्हा काकांवर ओरडायचं असेल तर पाटीवर लिहून ओरड, त्यांना सवय आहे. खोकला सुका की ओला, रात्री जास्त की सकाळी, हेही कळव. मी खुशाल आहे, म्हणजे जमिनीवर असतो तेव्हा. सख्ख्या भावाने केली नसेल एवढी चौकशी हा भाचा का करतोय, असं तुला वाटेल. सहज करतोय.

तुझं पत्र मिळालं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी रेडिओवरून मच्छीमारांसाठी समुद्राचं हवामान वाचलंस, पण आता त्यांच्या खिशात फोन आले, त्यांना वारा तुझ्याआधी कळतो, आणि तू बसून भिंतीला वाचून दाखवतेस, असं लिहिलं आहेस. सध्या तू रजेवर आहेस तोवर केंद्रावर यंत्र वाचतंय, तेच पुढे वाचू दे, महिनाअखेरीस मी कायमची घरी बसते, असंही लिहिलं आहेस. योग्य निर्णय आहे. विश्रांतीचा तुला पूर्ण हक्क आहे. मी त्याबद्दल एक अक्षरही बोलणार नाही.

त्यापेक्षा माझीच हकीकत सांगतो. आईने गावभर करून ठेवलं आहे की माझा मुलगा समुद्रावरून मालाचं विमान नेतो आणि भीती कशाशी खातात ते त्याला माहीत नाही. आत्या, मला चांगलं माहीत आहे. किनारा दिसेनासा झाला की ती दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत येऊन बसते, आणि पलीकडचा किनारा दिसेपर्यंत उठत नाही. इंजिनाचा आवाज जरा बदलला की माझ्या पोटात गोळा येतो. आवाज बदलला नाही तरी येतो, कारण मग वाटतं, एव्हाना बदलायला हवा होता की काय? विमानात माणसं आम्ही दोनच. मागे पाण्याचे पंप आणि खोक्यांत भरलेली फुलं. माझ्या डावीकडे आमचे कप्तान, ज्यांना आम्ही सगळे पाठीमागे 'खांब' म्हणतो. विमान हललं तरी ते हलत नाहीत. दर फेरीला ठरल्या वेळी डब्यातून उकडलेलं अंडं काढतात, टरफल एकाच तुकड्यात उतरवतात आणि खातात. माझ्या हातात अंडं दिलं तर ते सोलायच्या आधीच फुटेल.

आता काट्याबद्दल. विमान जुनं आहे, म्हणून त्यात एक गोल तबकडी अजून शिल्लक आहे. एखादं रेडिओ केंद्र लावलं की त्याचा आवाज कानात येतो आणि ते जिकडे असेल तिकडे तबकडीतला काटा बोट दाखवतो. वाट दाखवायला हल्ली उपग्रहाचं यंत्र आहे, त्यामुळे काट्याला कोणी विचारत नाही. पण उपग्रह बोलत नाही गं. मला कोणीतरी बोलणारं लागतं. कोणी माणूस कांद्याच्या भावाबद्दल का होईना बोलतोय, म्हणजे त्याच्या पायाखाली जमीन आहे, आणि ती त्या बाजूला आहे, एवढं कळलं की पोटातला गोळा नारळाचा लिंबाएवढा होतो.

अडचण अशी की दुपारी निघालं की जवळची केंद्रं तासाभरात विरतात, आणि दूरची केंद्रं सूर्य बुडायला लागल्याशिवाय येत नाहीत. (का, ते खांबांनी मला दोनदा समजावलं. दोन्ही वेळा मी खाली पाणी बघत होतो.) मधला पट्टा मुका. तिथे मी लांब पल्ल्याचं जे मिळेल ते शोधत बसतो. एकदा एक गृहस्थ सापडले, ते परकी भाषा शिकवत होते. त्यांच्याकडून मी 'माझी छत्री तुमच्या सासऱ्यांकडे आहे' हे वाक्य बिनचूक शिकलो. भाषा कोणती ते अजून कळलेलं नाही, पण कधी त्यांच्या किनाऱ्यावर पडलो तर संभाषणाला सुरुवात करता येईल. एकदा एक बाई मिळाल्या, त्या सारख्या हसत होत्या. कशाला हसत होत्या हे न कळल्यामुळे मी फार घाबरलो. आणि एक केंद्र तर नुसतं सेकंद मोजतं. टिक, टिक, टिक, आणि मिनिटाला एक लांब शिट्टी. जगातली घड्याळं लावायला ते असतं म्हणे. मला वाटलं, माझेच उरलेले मोजतायत. मी ते बंद केलं, तर मग कोणी मोजत नाहीये याची भीती वाटायला लागली.

त्यातच मागच्या महिन्यात तो प्रकार झाला. मुक्या पट्ट्यात केंद्र शोधता शोधता काटा एकदम नाकासमोर ताठ उभा राहिला, आणि कानात टाळ्या! हजारो माणसं टाळ्या वाजवतायत, थांबतायत, पुन्हा वाजवतायत. माझ्या डोळ्यांपुढे मैदान उभं राहिलं. मला इतकं बरं वाटलं की मी चक्क पाय लांब केले. एवढी गर्दी म्हणजे केवढी जमीन! बराच वेळ मी हसतमुखाने बसलो, कोण जिंकतंय याचा अंदाज घेत होतो. शेवटी राहवेना म्हणून खांबांना म्हटलं, सर, पुढे मोठा सामना रंगलाय. त्यांनी नकाशा पाहिला. पुढे नुसतं पाणी होतं. मग त्यांनी माझा हेडफोन कानाला लावला, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "अरे, त्या विजा आहेत. पट्टा आवळ."

वीज म्हणजे काट्याच्या लेखी सगळ्यात मोठं रेडिओ केंद्र. तो सगळं सोडून तिच्याकडे बघत बसतो. रडारवर अजून काही उमटलं नव्हतं आणि मी वादळाला दाद देत त्याच्याकडे चाललो होतो. आम्ही वळलो, तरी त्याची कड लागलीच. विमान पाखडल्यासारखं उडत होतं, मागे खोकी धडाधडा आदळत होती, मला स्वतःचे दात ऐकू येत होते. आत्या, खरं सांगतो, आता आपण संपलो असं मला वाटलं. विनोद म्हणून नाही वाटलं.

आणि त्या खरखरीतून तू आलीस. सूर्य नुकताच टेकला होता. "समुद्र खवळलेला राहील. लहान होड्यांनी किनारा सोडू नये." मग तो तुझा खोकला, मग माफ करा, आणि मग नेहमीचं, "जे बाहेर आहेत त्यांनी घाबरून घाई करू नये. दिवा लावून ठेवावा." हे शेवटचं कागदावर नसतं, ते तू पदरचं घालतेस, हे मला केव्हाच कळलं आहे. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ही माझी आत्या आहे, हे मी खांबांना सांगितलं नाही. (सहवैमानिक आत्याचं ऐकून विमान चालवतो, हे बाहेर गेलं तर मला हँगरमध्ये तोंड दाखवायला जागा नाही.) मी नाक पुसून तबकडी पुसत असल्याचा देखावा केला. खांबांनी विमानाच्या नाकाखालचा मोठा दिवा लावला, जो खरं तर उतरताना लावतात. तो ते दर फेरीत संध्याकाळी भर समुद्रात लावतात, कशासाठी देव जाणे, तिथे बघायला मासासुद्धा वर येत नाही. मोठ्या माणसांच्या सवयी, आपण काय विचारणार?

गेले दोन आठवडे यंत्र वाचतंय. उच्चार स्वच्छ आहेत, खोकत नाही, माफीही मागत नाही. काटा तुझ्या गावाकडेच बोट दाखवतो, पण माझं मन काही त्याच्यावर बसत नाही. खांबही हल्ली दिवा लावायला विसरतात. अंडंसुद्धा डब्यात तसंच परत आणतात. वय झालं असावं.

बाकी सर्व ठीक. काकांना नमस्कार, आणि आईला यातलं काहीही कळू देऊ नये.

तुझा आज्ञाधारक (आणि सध्या जमिनीवरचा),
भाचा

ता. क. – निर्णयाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही असं वर लिहिलं आहे. अक्षर बोलत नाही, पाया पडतो. सोडू नकोस. आठवड्यातून दोन दिवस तरी वाच, मंगळवार आणि शुक्रवार, आमचं विमान तेव्हाच असतं. ऐकतं कोण, असं विचारलं आहेस. मी ऐकतो.

ता. क. २ – वरचं थोडं बदलावं लागतंय. पाकीट नव्हतं म्हणून खांबांकडून मागून घेतलं आणि त्यांच्यासमोरच पत्ता लिहिला. त्यांनी त्यावरचं तुझं नाव वाचलं आणि विचारलं, ही बाई तुझी कोण? मी सांगितलं. ते खाली बसले. मी त्यांना कॉकपिटच्या बाहेर असं बसताना कधी पाहिलं नव्हतं. मग पाकीट परत देत म्हणाले, "मी यांना तू शाळेत होतास तेव्हापासून ऐकतोय. या सांगायच्या म्हणून दिवा लावायचो. यंत्र सांगत नाही."

तेव्हा मी ऐकतो असं नाही, आम्ही दोघं ऐकतो. आणि आत्या, तेही घाबरतात हे कळल्यापासून माझी भीती दुप्पट झाली आहे, म्हणून गुळण्या चुकवू नकोस.