नाबरांच्या कॅमेऱ्यातली पुतळा

मी, कमळाकर हिराजी मढवी, वय सत्तर वर्षे, सेवानिवृत्त, राहणार घणसोली गाव, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतः सांगून, लिहवून आणि पुन्हा वाचून करून ठेवतो. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. केयूर प्रधान यांचा दाखला सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर होते की नाही, ते पुढे वाचणाऱ्याने ठरवावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षे इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. माझी पत्नी पुतळा २०१९ साली वारली. मुलगा तेजस आणि मुलगी प्रिया हे माझे वारस. दोघांची लग्ने झालेली आहेत.

कलम १. घर. गावातली जागा वडिलांनी हयातीत माझ्या नावे केली, तिच्यावरचे तीन मजली घर मी बांधले. तळमजल्याचे दोन गाळे आणि पहिला मजला तेजसला. दुसरा मजला आणि तिथल्या भाड्याच्या खोल्या प्रियाला. प्रियाकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊ नये. माझ्या बहिणीची सही मी आणि माझा भाऊ नामदेव यांनी तिला जेवायला बोलावून, तिने हात धुवायच्या आत घेतली होती.

कलम २. बँकेत जे शिल्लक असेल ते दोघांना निम्मे निम्मे. यावर जास्त लिहिण्यासारखे नाही.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच, चिमटे, भिंग आणि सोल्डरिंग गन, खालच्या गाळ्यात मोबाईल दुरुस्त करणारे अश्विन यांना द्यावीत. तेजस ती भंगारात घालेल. तो वाईट नाही, त्याला हत्यारांतले कळत नाही.

कलम ४. कॅमेरे. माझ्याकडे चार कॅमेरे आहेत, चारही खिशात मावणारे. मोठ्या भिंगाचा गळ्यात लटकवायचा कॅमेरा मी कधी घेतला नाही. हे छोटे दिसायला साधे असतात, पण त्यांत शटर, भिंगाचे छिद्र, फोकस सगळे आपल्या हाताने लावता येते. कंपनीने सेफ्टी खात्यासाठी असा एक घेतला होता. गळक्या पाइपांचे आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो काढायचे काम माझ्याकडे आणि लॅबमधले केमिस्ट दिलीप शरद नाबर यांच्याकडे आले. तिथून आम्हां दोघांना नाद लागला आणि दोस्तीही झाली.

२०१३ साली निवृत्त झाल्यावर मी पहिला काळा कॅमेरा घेतला. आठ दिवसांनी दिलीपने तोच घेतला. तेच मॉडेल, तोच रंग. मला ते आवडले नाही. मी महिनाभर वाचून, दुकाने फिरून निवडलेली वस्तू त्याने माझ्या तोंडाकडे बघून घेतली. वर म्हणाला, "तू घेतलास म्हणजे चांगलाच असणार."

माहितीपुस्तक मी तीनदा वाचले. त्याने उघडले नाही. तो आपला ऑटोवर ठेवून फोटो काढायचा.

२०१६च्या फेब्रुवारीत तो नेरुळहून आमच्याकडे आला होता. पुतळा मागच्या पडवीत सुकट निवडत बसली होती. ऊन तिरपे, सुरेख होते. मी तिला मान इकडे कर, हात थांबव, असे सांगत अकरा फोटो काढले. शेवटी ती वैतागली.

"नाव पुतला हाय म्हनून काय पुतल्यासारकी उबी रावू? मी मानूस हाय!"

"तू बसलेली आहेस," मी म्हणालो, "आणि हलू नकोस."

दिलीप जमिनीवरच तिच्यासमोर बसला. कॅमेरा गुडघ्यावर. त्याने तिला विचारले, "वहिनी, ताजे बोंबील ओळखायचे कसे? परवा मी घेऊन गेलो, तर आमच्या वैशालीने मला पिशवीसकट जिन्यात उभं केलं. शेजारच्यांनी विचारलं, नाबर, किल्ली विसरलात का?"

पुतळा हसली. तोंडावर हात न घेता, डोळे मिटून, सुकट मांडीवर सांडेपर्यंत हसली. त्याने कॅमेरा डोळ्यांजवळही नेला नाही. गुडघ्यावरूनच बटण दाबले.

आमच्या लग्नाला तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. मी काढलेल्या कुठल्याही फोटोत ती हसलेली नाही.

इथे कोणाला भलती शंका येऊ नये म्हणून लिहितो: मला त्या दोघांचा संशय कधीही आला नाही. संशय असता तर मी दिलीपला घरी येऊ दिले नसते आणि विषय संपला असता. मला हेवा वाटला. तोच कॅमेरा, तीच पडवी, तेच ऊन, माझीच बायको, आणि फोटो त्याचा. मी त्याच्याकडून कॅमेरा मागून घेतला, दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच भिंतीचे फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले. काडीचा फरक नव्हता. तरी मी सगळ्यांना सांगत राहिलो की माझा पीस डिफेक्टिव्ह निघाला.

म्हणून दुसरा घेतला, चंदेरी, मोठ्या सेन्सरचा. फोटो खणखणीत यायचे, पण बॅटरी दुपारपर्यंत टिकत नसे. मग लांब झूमचा तिसरा. गच्चीवरून खाडीतले पक्षी टिपता यायचे, मात्र संध्याकाळ झाली की सगळ्या फोटोंत राखेसारखे कण. त्याच्या भिंगात धूळ शिरली ती अजून आत आहे. चौथा २०१८ साली घेतला, झूम नसलेला, चारांत सगळ्यांत महाग. तेव्हा पुतळाचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होते. मी तो दवाखान्यात घेऊन गेलो. तिने पदर तोंडावर ओढला.

"आता नको वो," ती म्हणाली. "आता मना कनाला बगता?"

त्या कॅमेऱ्यात एकूण नऊ फोटो आहेत. नवव्यात नुसता पदर आहे.

चारही कॅमेरे प्रियाची मुलगी मैत्री हिला द्यावेत. नऊ फोटो पुसू नयेत. ऑटोवर ठेवून फोटो काढायला तिला माझी परवानगी आहे.

कलम ५. गुन्हा. हे कलम मी आधी माझ्या मरणानंतर वाचले जावे म्हणून लिहिले होते.

२०१७ साली वाशीला ज्येष्ठ नागरिकांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. दिलीपने पुतळाचा फोटो मोठा करून लावला. तिला विचारले होते, ती लाजत हो म्हणाली होती. मला विचारले नाही. त्याला पहिला नंबर मिळाला. माझा खाडीच्या बांधाचा फोटो दाराआड होता. दार उघडले की झाकला जायचा. लोक पुतळासमोर उभे राहून आपणही हसत होते. एका बाईंनी मला विचारले, "तुम्ही ओळखता का हो ह्यांना?" मी नाही म्हणालो.

महिन्याभराने दिलीपच्या कॅमेऱ्याचे भिंग अर्धे बाहेर येऊन अडकले. असे कॅमेरे खिशात ठेवले की कचरा जातो आणि हे होते. दुकानदाराने नवा घ्या म्हणून सांगितले. दिलीप माझ्याकडे आला. "तुझ्याशिवाय कोणाच्या हातात देणार?"

मी एका दुपारी तो दुरुस्त केला. काम चोख झाले. मग मेनूत गेलो आणि कार्ड फॉरमॅट केले. कॅमेऱ्याने विचारले की सगळे पुसले जाईल, करायचे का? मी हो दाबले. पुसलेले परत काढता येते हे मला माहीत होते. म्हणून कार्ड भरेपर्यंत भिंतीचे फोटो काढले आणि पुन्हा पुसले. पुतळा चहा घेऊन आली.

"भितीचं फोटो काय काढता?"

"टेस्टिंग चाललंय," मी म्हणालो.

मला वाटले होते, कार्डात पुतळाचा मूळ फोटो आहे, तो गेला की त्याला दुसरी मोठी प्रत काढता येणार नाही. पण त्याच कार्डात दिलीपच्या वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन होते. घरचा कॉम्प्युटर बिघडल्यामुळे त्याने काहीच उतरवून घेतले नव्हते. समारंभाला दुसरा फोटोग्राफर नको, मी आहे ना, असे बहिणीला त्यानेच सांगितले होते. दिवाळीनंतर वडील गेले.

दिलीपला वाटले, भिंग अडकले तेव्हा आपणच गडबडीत काहीतरी दाबले. तेराव्याला त्याची बहीण गीतांजली सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढं एक काम तुझ्याकडे होतं, दादा." मी शेजारच्या खुर्चीवर होतो. तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं." त्यानंतर ती भावाकडे आली नाही. त्यानेही फोटो काढणे सोडले. मी सुटलो, आता माझ्याशी बरोबरी करायला कोणी नाही, असेही मला तेव्हा वाटले. लपवत नाही, वाटले होते.

आणि ज्यासाठी केले ते साधलेही नाही. पुतळाचा फोटो प्रदर्शनाच्या वेळीच छपाईच्या दुकानात दिलेला होता, त्याची छोटी प्रत प्रियाच्या पर्समध्ये निघाली. आई गेल्यावर तिने ती मोठी करून आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावली. मी उतरवली आणि पुतळाचा मी काढलेला फोटो लावला. प्रिया म्हणाली, "बाबा, ह्या बाईला मी ओळखत नाही." तेव्हापासून ती येते, पण त्या खोलीत बसत नाही.

कलम ६. कलम पाच वाचून माझ्या वकील क्षिप्रा यांनी पेन खाली ठेवले.

"काका, हे तुम्ही गेल्यावर नाबरकाका वाचणार. आणि ते तुमच्या आधी गेले तर?"

मी तसाच नेरुळला गेलो. दिलीप आणि वैशालीवहिनी दोघेही घरी होते. मी उभ्यानेच सांगितले. भिंतीच्या फोटोंचेही सांगितले. वहिनी आत निघून गेल्या. दिलीप माझ्या हातांकडे बघत होता. मग त्याने मोबाईल उचलला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

"गीताला सांग. जसं मला सांगितलंस तसं."

मी सांगितले. मला वाटले फोन कट झाला. मग ती म्हणाली, "दादाला द्या."

तो फोन घेऊन बाल्कनीत गेला आणि दार लावून घेतले. काचेतून त्याची पाठ दिसत होती. तो बोलायला लागला, मग त्याचे खांदे हलू लागले. रडतो की हसतो ते कळेना. आठ वर्षांचे बोलणे होते. मी सोफ्यावर बसून होतो आणि मला त्याही वेळी वाटले की मी फोन केला तर एवढा वेळ बोलणारे माणूस मला नाही. अर्ध्या तासाने तो बाहेर आला.

"तू आता जा," म्हणाला.

घरी येऊन मी पुतळाचा माझा फोटो भिंतीवरून उतरवला आणि दिलीपने काढलेला लावला. प्रियाला फोन करून सांगितले. ती रविवारी आली, मैत्रीला घेऊन त्या खोलीत दुपारभर बसली. माझ्यानंतरही तो फोटो तिथून हलवू नये. खाली 'छायाचित्र: दिलीप नाबर' असे लिहावे. माझा फोटो लावायचा झाल्यास दुसऱ्या भिंतीवर लावावा.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रिया आणि तेजस यांनी मिळून करावी. अडल्यास ॲडव्होकेट क्षिप्रा यांना विचारावे. आपसात भांडायचे असेल तर आधी वाटणी पूर्ण करावी.

सहीच्या दिवशी हाताने लिहिलेली भर. दुसरा साक्षीदार म्हणून मी दिलीपला फोन केला होता. दोनदा त्याने कट केला. काल वैशालीवहिनींनी उचलला आणि म्हणाल्या, "येतील ते. जास्त बोलू नका." आज तो वेळेआधी येऊन बसला. कागद घेतला, कलम पाचवर बोट ठेवून सावकाश वाचला. मग वकिलांना विचारले, "मॅडम, साक्षीदाराची जबाबदारी काय असते?"

"काकांनी तुमच्यासमोर सही केली, एवढंच. आतल्या मजकुराशी तुमचा संबंध नाही."

"मग करतो." माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही सही तुझ्या सहीपुरती आहे, कमळाकर. माफ केलं असा अर्थ काढू नकोस."

"नाही काढत," मी म्हणालो.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही करत आहे. दिलीपने कागदाच्या कडेला पेन चालते का ते बघायला सही करून ठेवली आहे. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

ठिकाण: वाशी, नवी मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) कमळाकर हिराजी मढवी

साक्षीदार:

१. (सही) डॉ. केयूर प्रधान, कोपरखैरणे

२. (सही) दिलीप शरद नाबर, नेरुळ. फक्त सहीपुरता.