काळ्या चौकोनातला आकडा

प्रिय दादा,

तू जाऊन दोन वर्षं झाली. आज गॅरेज बंद व्हायच्या आत, रंगाच्या डब्यांशेजारी बसून तुला लिहितो आहे. घरी गेलो तर हे पुन्हा गिळून टाकीन, अशी भीती वाटते.

एका हौशी माणसाने लढाईतली जुनी जीप दुरुस्त करायला वाडीला, आमच्या गॅरेजात आणली आहे. तिच्यावरच्या मूळ खुणा शोधून तशाच रंगवायच्या, हे काम माझ्याकडे आलं. बंपरवरचे तीन थर खरवडले, तर खाली काळा चौकोन आणि पांढरा आकडा! घरून तुझा ब्रह्मदेशातला, पलटणीत ड्रायव्हर असतानाचा फोटो आणून शेजारी धरला. तू जीपला टेकून उभा. तोच चौकोन, तोच आकडा.

शेजारच्या पेन्शनर सुभेदारांना बोलावलं; तेही ब्रह्मदेशात लढलेले. खुणेवर बोट ठेवून म्हणाले, "हे तर जखमी नेणारी तुकडी! माघारीत पूल उडवाचा हुकूम झाला गा. जखमींच्या गाड्या तिकडेच राहिल्या. ड्रायव्हरांले सांगितलं, एकटे पोहून या."

"अन् जखमी?"

"ओरडून राहिले होते," एवढंच बोलून ते उठले. चहाही घेतला नाही.

दादा, हे मले काहून नाही सांगितलं? की मी कधी विचारलंच नाही?

तू कधी पुलावरून जायचा नाहीस. नाग नदीत उतरून चिखल तुडवत पलीकडे निघायचास. पोरं हसायची. मीही हसायचो.

आणि माझ्या वरातीत तुला जबरदस्तीने मोटारीत कोंबलं! "हात जोडतो गा, मले उतरू दे," तू म्हणत होतास. पूल आला तसा तू दार उघडून उडी टाकलीस आणि रस्त्यावर बसून ढसाढसा रडलास. सासरची मंडळी बघत होती. मी काय बोललो? "पिऊन आला आहे." आयुष्यात थेंब घेतला नव्हतास तू! माझ्याकडे नुसतं पाहिलंस. खोडून का नाही काढलंस?

आईविना वाढणारा तुझा वसंता तेव्हा दहा वर्षांचा. त्याने तुझा हात सोडला, तो कायमचा. तुझ्या शेवटच्या आजारपणात खापरखेड्याहून आला नाही. अग्नी मी दिला. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. मी ऐकून घेतलं.

रविवारी खापरखेड्याला जातो आहे. सुभेदारांनी सांगितलेलं वसंताला सांगीन. पण त्याआधी, त्याच्या बायकोपोरांसमोर, सांगीन, "तुझा बाप प्यायला नव्हता, मी खोटं बोललो." त्याने हाकलून दिलं तरी पूर्ण सांगूनच निघेन.

तुझा अपराधी धाकटा,
बाळू