आमी कायम मेंढरंच का?

बाई,

"आणखी काही राहिलं असेल तर तेही सांगून टाक," असं तुम्ही मला म्हणाला होतात. तुमच्या स्वयंपाकघरात, खाली बसून मेथी निवडताना. मी चौदा वर्षांची, जामखेडकडच्या एका वाडीतून नगरला बोर्डिंगमध्ये शिकायला आलेली, आणि आदल्याच दिवशी चर्चच्या सगळ्या तरुण संघासमोर तुम्हाला उलट बोललेली. तुम्ही घरी बोलावलंय म्हटल्यावर चांगली खरडपट्टी निघणार, या तयारीनेच आले होते. तुम्ही मात्र मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवलीत.

रविवारची उपासना संपली की चर्चमागच्या हॉलमध्ये तुम्ही आमचा तरुण संघ घ्यायचात. त्या दिवशी नाताळच्या नाटकातली कामं वाटत होतात. मरिया, देवदूत, पूर्वेकडून आलेले ज्ञानी मागी, सगळी कामं शहरातल्या मुलामुलींना गेली. मग वहीतून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "बोर्डिंगच्या मुली, मेंढरं." मागून कुणीतरी "बेंऽऽ" केलं आणि हॉल हसला. तीन वर्षं मी घोंगडं पांघरून रांगले होते. मी कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही. "बाई, आमी कायम मेंढरंच का? आमाला बोलता येत न्हाई व्हय?"

"ए, बाईंशी बोलायची ही पद्धत आहे का?" पुढच्या बाकावरून आवाज आला. तुम्ही त्या मुलीला हातानेच गप्प केलंत. चष्मा काढलात. "आतापर्यंत जे जे मेंढरू झालेत, त्यांनी हात वर करा." अकरा हात वर झाले, सगळे आमचे. ते हात तुम्ही एकेक करून पाहिलेत. मग वही मिटलीत. "माझं चुकलं. आज वाटप नको," एवढंच म्हणालात.

आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य. मला वाटलं, परीक्षा बघताय. तरी धीर करून सांगितलं, "तुमी त्यांना नावानं हाक मारता. आमाला नुसतं बोर्डिंगच्या मुली." मेथीवरचा तुमचा हात थांबला. उठून वही आणलीत. "सांग, एकेकीचं नाव सांग. गावही सांग." मी सांगत गेले, तुम्ही लिहीत गेलात. नंतर चहा दिलात, सोबत बुडवायला बटर. पुढच्या रविवारी आम्हाला सगळ्यांना नावानं हाक आली. दोन नावं चुकली, तेव्हा सगळ्यांसमोर "पुन्हा एकदा सांग गं" म्हणालात. कामांच्या चिठ्ठ्या तांब्यात टाकल्या होत्या. मी उचलली तर पुन्हा मेंढरूच! तुम्ही वर बोट दाखवून म्हणालात, "आता तक्रार तिकडे कर. यात माझा हात नाही." त्या वर्षी मी इतक्या हौसेने रांगले की गुडघे सोलवटले.

एवढंच असतं तर मी तुम्हाला एक चांगल्या बाई म्हणून आठवत राहिले असते. पण तुमच्या अंत्यविधीनंतर, कब्रस्तानातून परतताना, तुमच्या धाकट्या बहिणीने मला विचारलं, "मेंढरांवरून भांडलेली ती तूच ना?" आणि मग तिने सांगितलं. बोर्डिंगच्या मॅडम आम्हाला तालमीला कधी वेळेवर सोडतच नव्हत्या. आम्ही पोचायचो तेव्हा तालीम संपत आलेली असायची, म्हणून पाठांतर नसलेली कामं तुम्ही आमच्यासाठी राखून ठेवायचात, आम्ही निदान नाटकात तरी असावं म्हणून. त्या आठवड्यात तुम्ही बोर्डिंगमध्ये जाऊन बसलात आणि आम्हाला चार वाजता सोडायचं कबूल करून घेतल्याशिवाय उठला नाहीत. आम्हाला वाटत होतं, वेळापत्रक आपोआप बदललं.

म्हणजे तुमच्याकडे कारण होतं. खरं, चांगलं कारण. हॉलमध्ये ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं, मी खाली बसले असते, कदाचित माफीही मागितली असती. तुम्ही ते सांगितलं नाहीत. तेव्हाही नाही आणि पुढे मी तुमच्या घरच्यासारखी झाले तेव्हाही नाही. मी त्या रस्त्यावर उभीच राहिले, बाई. आजही हे आठवलं की हातातलं काम थांबतं. एवढी मोठी गोष्ट एवढ्या लहान स्वयंपाकघरात, मेथीच्या काड्यांशेजारी ठेवलेली होती आणि मी चहात बटर बुडवत होते.

आता त्याच हॉलमध्ये तरुण संघ मी घेते. मागच्या रविवारी शिबिराचं ठरवत होतो. मी विचारलं, "काय काय करूया, सांगा." आमची गिटार वाजवणारी मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणाली, "ताई, तुम्ही विचारता खरं, पण तुमचं आधीच ठरलेलं असतं." कुणीतरी फिसकन हसलं. आणि मी सुरू झाले. किती वर्षं झटतेय, पाळकसाहेबांची परवानगी काढायला किती फेऱ्या होतात, तुम्हा मुलांना काय कल्पना. बराच वेळ बोलले. ती ऐकत राहिली. शेवटी "बरं, ताई" म्हणाली आणि गिटार पिशवीत घालून चेन ओढली. कालच्या रविवारी ती आली नाही. आम्ही गाणी नुसत्या टाळ्यांवर म्हटली. ती दुसऱ्या चर्चला जाणार म्हणतात.

आज संध्याकाळी भिंगारला तिच्या घरी जायचं ठरवलंय. तिला काय विचारायचं ते मला पाठ आहे, तुमचंच वाक्य आहे. ते म्हटल्यावर गप्प बसता येईल का, याची खात्री नाही. आणि हे कुणाला सांगितलेलं नाही, बाई, पण मी "सांगा" म्हणत होते तेव्हा शिबिराचा टाइप केलेला कार्यक्रम माझ्या पर्समध्ये होता. आज तिला तेही सांगावं लागेल.

हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवणार नाही, वाऱ्याने उडून कुणाच्या तरी हाती लागायचं. जुन्या गीतांच्या पुस्तकात राहील. पण एक मागते. त्या दिवशीचं ते कारण एकदा, फक्त मला, तुमच्या तोंडून सांगा. मला तुम्हाला म्हणायचंय की तुमचं चुकलं नव्हतं. तुम्ही नाहीच सांगणार. जुडी पुढे सरकवाल आणि विचाराल, त्या मुलीचं नाव काय, गाव कुठलं?