अतिथी, सकाळी ७:१०

३ मार्च, सोमवार

“तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही.”

थोरले साहेब मला हे अकरा वर्षांपूर्वी म्हणाले. लिफ्टमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे. लिफ्ट आमच्याच कंपनीने बसवलेली आणि अडकलेली, त्यामुळे त्यांना दुसरं काही करण्यासारखं नव्हतं हे खरं. पण अडकलेला माणूस खरं बोलतो.

आज ते आठवायचं कारण धाकटे साहेब. (थोरल्यांचे पुतणे. थोरले निवृत्त होऊन तीन वर्षं झाली.) केबिनमध्ये बोलावून म्हणाले, तुमच्या त्या ट्रॅकरचं काय करायचं ते एकदा ठरवून टाकू. सतरा साइटी, प्रत्येक लिफ्टचं प्रत्येक काम, कोणी करायचं, कुठवर आलं, हे सगळं सहा वर्षं मी त्या ट्रॅकरवर ठेवते. आता तो सगळा डेटा नव्या डॅशबोर्डच्या टूलमध्ये घालायचा आणि २१ तारखेला मोठ्या स्क्रीनवर दाखवायचा. लोक ट्रॅकर वापरताहेत असं दिसलं तर तो राहील. नाहीतर ३१ तारखेला बंद, आणि मी खाली स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरमध्ये. तिथे खिडकी नाही. माणूसही नाही.

घाबरायचं काही कारण नाही. एक्स्पोर्टचं बटण आहेच. दोन दिवसांचं काम. उरलेल्या सोळा दिवसांत रोज चालायला जाणार.

४ मार्च, मंगळवार

बटण दाबलं. फाइल आली. झालं की!

चालायला गेले नाही. बूट कडक झालेत.

५ मार्च, बुधवार

फाइल टूलमध्ये घातली. डॅशबोर्डसाठी कंत्राटावर एक मुलगी घेतली आहे. मुलगी म्हणजे पस्तिशीची, तिलाच तीन वर्षांचं लेकरू आहे. मी तिला चार्टवाली म्हणते, ती मला ताई म्हणते. तिने पहिला चार्ट काढला: कोणत्या फिटरने किती कामं केली. सगळ्यांत वरचा फिटर, त्रेसष्ट कामं: ‘पण बघू या’.

चार्टवाली म्हणाली, ताई, हे गृहस्थ कोण?

झालंय असं, की मी शेऱ्यात स्वल्पविराम देते. “दार घासतंय, पण बघू या.” फाइल प्रत्येक स्वल्पविरामाला नवा रकाना समजते, त्यामुळे माझा अर्धा शेरा पुढच्या माणसाच्या नावाच्या जागी जाऊन बसला. दुसऱ्या नंबरवर ‘असं म्हणतात’ आहे. एकोणतीस कामं.

दोष टूलचा. शाळेत विरामचिन्हांना मला पैकीच्या पैकी मिळायचे.

६ मार्च, गुरुवार

सहा वर्षांचे स्वल्पविराम काढत बसले. दुपारी चार्टवाली म्हणाली, राहू द्या ताई, फाइलच नको, मी ट्रॅकरला सरळ लिंक लावते, टूल रोज आपोआप उचलून घेईल. मी म्हटलं, लाव की, मी तेच सुचवणार होते. मग तिने त्यातलं पुढचं बरंच समजावलं. मी मान डोलावली. तिच्या केसांत बिस्किटाचा चुरा होता, तो सांगावा की नाही या विचारात होते.

७ मार्च, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे माझी फेरी. दर शुक्रवारी दुपारी मी प्रत्येक चालू कामाखाली लिहिते: “कसं चाललंय?” आज एकशे बारा ठिकाणी लिहिलं. कॉपी-पेस्ट करत नाही. प्रत्येक वेळी नव्याने टाइप करते, समोरच्याला ते जाणवतं.

उत्तरं येत नाहीत. उत्तर नाही म्हणजे काम सुरळीत. अडचण असती तर माणूस बोलला नसता का?

१० मार्च, सोमवार

आज चार्टवालीने विचारलं, ताई, कामाच्या स्थितीचे एकेचाळीस प्रकार कसे? ‘झालं’, ‘जवळजवळ झालं’, ‘झाल्यात जमा’, ‘झालं म्हणायला हरकत नाही’, ‘झालं (पण आवाज येतो)’. टूलला फक्त दोनच कळतात, झालं आणि नाही झालं.

मी म्हटलं, मग टूलला आयुष्यच कळलेलं नाही. ती खूप हसली. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझ्या बोलण्यावर हसलं. मग तिला पाळणाघरातून फोन आला.

बेचाळिसावा प्रकार करणार नाही, हा निश्चय.

१२ मार्च, बुधवार

नवा चार्ट: चार साइटींवर लिफ्टची ऑर्डर जायच्या आधीच लिफ्ट चालू झाली. धाकटे साहेब पाठीमागून बघत म्हणाले, वा, एवढा वेग! त्यांना सांगवेना. टूलने दिवस आणि महिना यांची अदलाबदल केली आहे.

पण आजची खरी बातमी वेगळीच. दुरुस्ती करताना कळलं, की प्रत्येक कामाशेजारी ‘शेवटचं कोणी पाहिलं’ असाही एक रकाना असतो. मी तो सहा वर्षांत कधी उघडला नव्हता. आणि त्यात, एकूण एक कामासमोर: ‘अतिथी, सकाळी ७:१०’. (नाव न देता आत येणाऱ्याला ट्रॅकर अतिथी म्हणतो.)

कुणीतरी रोज वाचतंय. सगळं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.

१३ मार्च, गुरुवार

मुद्दाम लवकर आले. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, बाई, घड्याळ बिघडलं का? ७:१० ला स्क्रीनसमोर बसले. सगळ्या चालू कामांवर एकदम ‘अतिथी’ उमटलं. एका मिनिटात एकशे बारा! इतक्या भरभर वाचणारा माणूस मी एकच पाहिला आहे. थोरले साहेब पेपरसुद्धा उभ्या उभ्या संपवायचे.

बोलले नाहीत कुणाला. त्यांचा स्वभावच तसा. सकाळचा चहा घेत बघत असतील, आपल्यामागे कोण सांभाळतंय.

१४ मार्च, शुक्रवार

आजची फेरी जरा मनापासून केली. “कसं चाललंय? गुडघा बरा आहे ना?” (थोरल्यांचा डावा गुडघा दुखायचा.) साइटवरच्या सुपरवायझरना वाटेल, चौकशी त्यांच्याच गुडघ्याची आहे. वाटू दे, त्यांनाही गुडघे आहेत.

बेअरिंगच्या चार कामांखाली लिहिलं: “आज ऑफिसच्या खिडकीत कबुतराने घरटं केलंय.” बेअरिंगशी संबंध नाही. पण सात-दहाला कुणाला तरी बरं वाटेल.

१६ मार्च, रविवार

लेकीचा फोन नाही. ती नोकरीसाठी दूर असते. आपण आधी करायचा नाही असं ठरवलं होतं. अकरा वाजता केला. विचारलं, कसं चाललंय?

म्हणाली, आई, तू असं विचारलंस ना, की मला वाटतं तू स्टेटस मागतेयस.

मी म्हटलं, बरं, मग कसं विचारू? तर म्हणाली, काही विचारूच नकोस गं, तुझं सांग. तेवढ्यात तिच्या दारावर कुणीतरी आलं.

माझं काय सांगायचं? कबुतराचं सांगता आलं असतं.

१८ मार्च, मंगळवार

चार्टवालीला म्हटलं, ‘कोणी किती वेळा पाहिलं’ असा एक चार्ट हवाच, आणि सगळ्यांत मोठा हवा. ती म्हणाली, ताई, नक्की? मी म्हटलं, अगं, तोच तर हुकमाचा एक्का आहे. ती काहीतरी बोलणार होती. मी थांबवलं. सरप्राइज मला स्क्रीनवरच बघायचं आहे.

साडीला इस्त्री केली. चालायला जायचं आता २१ नंतर.

२१ मार्च, शुक्रवार. दुपार

लिहून काढते म्हणजे बरं वाटेल.

मीटिंग हॉलमध्ये सगळे सुपरवायझर आले होते, अकरा जण. फिटरची कामं, तारखा, सगळे चार्ट नीट उलगडले. मग माझा. दोन उंच खांब. एक मी. एक अतिथी. बाकी अकरा जणांची मिळून एक रेघ. मला वाटलं स्क्रीन खराब आहे. रेघेवर बाण नेल्यावर आकडा दिसला: सहा. सहा वर्षांत सहा वेळा. त्यातले पाच ट्रेनिंगच्या दिवशीचे.

धाकट्या साहेबांनी विचारलं, हा अतिथी कोण?

मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती. म्हटलं, थोरले साहेब.

साहेब म्हणाले, काका? काकांना अजून टीव्हीचा रिमोट जमत नाही हो.

हसले सगळे. वाईट नाही हसले, पण हसले. चार्टवाली हळूच माझ्या कानाशी म्हणाली, ताई, ते टूल आहे. मी लिंक लावली ना, ते रोज सकाळी डेटा घ्यायला येतं. मी सांगितलं होतं.

सांगितलं होतं तिने. मी चुरा बघत होते.

तेवढ्यात अकराही फोन एकदम वाजले. दूरच्या साइटवरची लिफ्ट चालू झाली होती, कुणीतरी व्हिडिओ टाकला. सगळे वाकून बघायला लागले, ए, मस्त रे, दार बघ किती गुळगुळीत सरकतंय. माझा फोन सायलेंटवर असेल म्हणून काढून पाहिला. सायलेंटवर नव्हता.

ट्रॅकर ३१ ला बंद.

संध्याकाळ

दाढीवाला सुपरवायझर टेबलाशी आला. सगळ्यांत जुना तो. म्हणाला, मॅडम, मनाला लावून घेऊ नका, सहा वर्षांपूर्वीच आम्ही फोनवर ग्रुप केला. ट्रेनिंगच्या दिवशीच ट्रॅकरवर एक ओळ लिहिली, तर तुमचे दहा प्रश्न आले. साइटवर माणूस शिडीवर असतो.

मी म्हटलं, मग मला का नाही घेतलं?

म्हणाला, ग्रुप फक्त साइटवरच्यांचा, मॅडम. आणि तिथे शिव्या असतात.

मग जाता जाता वळला आणि म्हणाला, गुडघा बरा आहे. तुम्ही विचारलं होतं ना. परवा मी बघितलं.

म्हणजे सहावी वेळ त्याची.

आजची शुक्रवारची फेरी केली नाही.

२२ मार्च, शनिवार

स्टोअर बघून आले. बरं आहे. रॅकवर पार्ट्सची नावं कुणीतरी जुन्या, सुंदर अक्षरांत लिहिली आहेत. दिव्याचं बटण दाराबाहेर आहे, म्हणजे आत गेल्यावर बाहेरून कुणी बंद करू नये एवढंच बघायचं.

७:१० ला अतिथी येऊन गेला. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दाढीवाल्याला मेसेज टाकायचा म्हणून सकाळपासून चार वेळा लिहून खोडला. तो नाही म्हणेल. म्हणायलाच हवं, ग्रुपचा नियम आहे, आणि असे नियम मी स्वतः जन्मभर केले. आता पाठवलाच:

“मला तुमच्या ग्रुपमध्ये घ्याल का? मी साइटवर नसते, माहीत आहे. काही विचारणार नाही. शिव्या चालतील. नुसतं वाचेन. सकाळी सात-दहाला, एकदाच.”